घरीं पाठ, वर्गांत अभ्यास

शाळा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. फळ्याजवळ गुरुजी बोलत आहेत, समोर साठ मुलें ऐकत आहेत, आणि घंटा झाली कीं ऐकलेलें सारें गृहपाठाच्या वहींत बांधून मुलें घरीं परतत आहेत. पाठ वर्गांत व अभ्यास घरीं, अशी ही वांटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ही वांटणी उलट केली तर काय होईल, हा विचार गेल्या कांहीं वर्षांत अनेक देशांतील शिक्षकांनीं केला. आणि आमच्या शाळेंतही इयत्ता ८ वी व ९ वीच्या वर्गांत, विज्ञान व भूगोल या दोन विषयांपुरता, आम्हीं तो अंमलांत आणून पाहिला आहे. तेव्हांपासून पालक-सभेंत दोन प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतात. पहिला असा कीं, “मुलांनीं पाठ घरींच ऐकावयाचा, तर मग शिक्षक वर्गांत काय करतात?” आणि दुसरा असा कीं, “ज्या मोबाईलपासून मुलांस दूर ठेवण्यासाठीं आम्ही धडपडतों, तोच तुम्ही त्यांच्या हातीं कां देतां?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचें उत्तर देण्यासाठीं ही पद्धति म्हणजे काय, ती कोठून आली, तिचे गुण कोणते आणि धोके कोणते, हें आमच्या वाचकांपुढें क्रमानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करूं. इंटरनेटच्या साह्यानें दिलेल्या शिक्षणास ऑनलाइन शिक्षण म्हणतात, हें आतां घरोघरीं ठाऊक आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारांत शिक्षक व विद्यार्थी निरनिराळ्या ठिकाणीं, परंतु एकाच वेळीं, पडद्यापुढें बसतात. यास आपण समकालीन अध्यापन म्हणूं. दुसऱ्या प्रकारांत शिक्षक पाठ आधींच तयार करून ठेवतो आणि विद्यार्थी आपल्या सवडीनें, हवा तेथें थांबवून, हवा तितक्या वेळां तो ऐकतो. यास स्वकालीन अध्ययन म्हणूं. या दोहोंपैकीं एकाची किंवा दोहोंची प्रत्यक्ष वर्गाशीं विचारपूर्वक सांगड घातली, म्हणजे तिला मिश्र शिक्षण असें नांव मिळतें. ‘विचारपूर्वक’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. वर्गांत पडदा टांगला आणि गुरुजींच्या ऐवजीं चित्रफीत बोलूं लागली, तर त्यानें कांहींच साधत नाहीं. ऐकणारीं मुलें पूर्वीं जशीं गप्प बसत होतीं, तशींच आतांही बसतात. जें काम मुलास एकट्यानें करतां येतें तें घरच्या पाठाकडे सोंपवावें, आणि ज्या कामास दुसरा माणूस लागतो, म्हणजे शंका विचारणें, वाद घालणें, प्रयोग करणें, चूक सुधारून घेणें, त्यासाठीं वर्गाचा वेळ राखून ठेवावा, हें या पद्धतीचें मर्म आहे. असा वर्ग विद्यार्थिकेंद्री होतो. शिक्षकाचा धडा संपला कीं नाहीं, यापेक्षां प्रत्येक मुलास तो कळला कीं नाहीं, यावर त्याची परीक्षा होते.

या पद्धतीच्या ज्या प्रकारास ‘उलटा वर्ग’ म्हणतात, त्याचा उगम मोठा साधा आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यांत वूडलंड पार्क नांवाच्या गांवीं जोनाथन बर्गमन व आरन सॅम्स हे दोन रसायनशास्त्राचे शिक्षक होते. कांहीं विद्यार्थ्यांचे तास गैरहजेरीमुळें बुडत. त्यांच्यासाठीं या दोघांनीं २००७ सालीं आपले पाठ ध्वनिचित्रित करून ठेवण्यास आरंभ केला. लवकरच त्यांच्या ध्यानांत आलें कीं पाठ घरीं ऐकतां येतो. मूल खरें अडतें तें उदाहरण सोडवितांना, आणि नेमक्या त्या वेळीं घरीं शिक्षक नसतो. म्हणून त्यांनीं पाठ घरीं पाठविला आणि उदाहरणें वर्गांत आणलीं.

ही कल्पना आपल्याकडे अगदींच परकी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या नाशकांतच १ जुलै १९८९ रोजीं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. त्याचे पहिले कुलगुरु प्रा. राम ताकवले हे होते. ज्यांस नोकरी, शेती वा संसार सोडून महाविद्यालयांत बसतां येत नाहीं, त्यांनीं घरीं स्वयं-अध्ययनाचीं पुस्तकें वाचावीं आणि सुटीच्या दिवशीं अभ्यासकेंद्रावर येऊन मार्गदर्शन घ्यावें, ही त्याची रचना. त्यांत घर व वर्ग यांचें मिश्रणच आहे. त्याच्याही पूर्वीं, १९४५ सालीं, ताराबाई मोडक यांनीं अनुताई वाघ यांच्या साथीनें तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें व पुढें १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळा मुलांच्या अंगणांत नेली; तीच अंगणवाडी. जीं मुलें गुरें राखावयास जात, त्यांच्यासाठीं त्यांनीं कुरणशाळा काढली. मूल जेथें आहे तेथून शिक्षणास आरंभ करावयाचा, हें तत्त्व त्या थोर बाईंनीं संगणक येण्यापूर्वींच आचरून दाखविलें. संगणक हें त्या तत्त्वाचें आजचें एक साधन होय; त्याहून त्यास अधिक मान देण्याचें कारण नाहीं.

मग ऑनलाइन शिक्षणाचें नांव काढतांच पुष्कळ पालकांच्या कपाळावर आठ्या कां पडतात? त्याचें कारण २०२० सालच्या महामारींत आहे. त्या वर्षींच्या मार्च महिन्यांत शाळा एकाएकीं बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाहीं. पुढील वर्षीं तर दहावीची सबंध परीक्षाच रद्द करावी लागली. नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास राज्य शासनानें २३ नोव्हेंबर २०२० पासून अनुज्ञा दिली; परंतु दुसरी लाट आली, शाळा पुन्हां मिटल्या, आणि ४ ऑक्टोबर २०२१ पासून त्या पुन्हां उघडूं लागल्या. त्या काळांत जें चाललें तें संकटकाळचें शिक्षण होतें. सहा-सहा तासांचें वेळापत्रक जसेंच्या तसें उचलून पडद्यावर ठेवलें गेलें. मूल एकटें, शिक्षक एकटा, आणि मध्यें खंडित होणारा आवाज. त्यावरून मिश्र शिक्षणाची पारख करणें म्हणजे महापुराच्या दिवशीं होडींत बसून नदीची पारख करण्यासारखें आहे.

त्याच संकटांत कल्पक शिक्षकांनीं काय केलें, हेंही विसरतां कामा नये. सोलापूरच्या नीलमनगर भागांत शिक्षकांनीं घरांच्या भिंतींवर धडे रंगविले व गल्लीची शाळा केली. पालघर जिल्ह्यांतील आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवून ‘बोलकी शाळा’ चालविण्यांत आली. दूरदर्शनच्या सह्याद्रि वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं मालिका झाली. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं त्याच्या कितीतरी आधीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत छापून पुस्तकाच्या पानावरून ध्वनि व चित्र यांपर्यंत पोंचण्याची वाट केली होती. डिसेंबर २०२० मध्यें त्यांस दहा लाख डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, व त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. या सर्वांनीं निरनिराळीं साधनें वापरलीं, परंतु “हें मूल कोठें आहे आणि त्याच्यापर्यंत काय पोंचूं शकेल?” हा प्रश्न सर्वांनीं प्रथम विचारला.

आतां पहिल्या आक्षेपाकडे वळूं. शिक्षक वर्गांत काय करतात, हें एका पाठाच्या उदाहरणानें दाखवितों. विषय भूगोलाचा, पाठ ‘पर्जन्यछाया’. नाशिक रोडहून आगगाडीनें तासाभरांत इगतपुरीस पोंचतां येतें. सिन्नर तर त्याहूनही जवळ. तरी इगतपुरीस वर्षास सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि सिन्नर तालुक्यास सुमारें पांचशें मिलिमीटरांवर समाधान मानावें लागतें. एकाच जिल्ह्यांत सहापट अंतर कां? आदल्या दिवशीं मुलें घरीं सहा मिनिटांची चित्रफीत पाहतात. अरबी समुद्रावरून आलेला ओलसर वारा सह्याद्रीस अडून वर चढतो, थंड होतो, बाष्पाचें पाणी होऊन घाटमाथ्यावर कोसळतें. पलीकडे उतरतांना तोच वारा तापतो व पाऊस देण्याची त्याची शक्ति उणावते, एवढेंच त्यांत सांगितलेलें असतें. चित्रफीत पाहून झाल्यावर वहींत तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहावयाचीं, आणि खालीं चौथी एक ओळ, “मला न समजलेली गोष्ट.”

दुसऱ्या दिवशीं पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका जोडून सत्तर मिनिटें घेतों. पहिल्या दहा मिनिटांत पुस्तक मिटून मुलें आदल्या दिवशींचें आठवून सांगतात. मग साठ मुलांचे वीस-वीसांचे तीन गट होतात, व प्रत्येक गट अठरा मिनिटांनीं पुढच्या कामाकडे सरकतो. एक गट संगणकावर जिल्ह्याचा उंचसखल नकाशा पाहून तालुकावार पावसाचा आलेख काढतो. दुसरा गट मातीचा सह्याद्रि करून वाऱ्याची वाट खडूनें दाखवितो आणि येवल्यास कांदा अन्‌ इगतपुरीस भात कां, याचें उत्तर लिहितो. तिसरा गट शिक्षकापाशीं बसतो. शेवटचीं सहा मिनिटें सारांशास राहतात.

हिशोब पाहा. जुन्या रीतीनें या सत्तर मिनिटांपैकीं पन्नास मिनिटें व्याख्यानांत गेलीं, तर उरलेल्या वीस मिनिटांत साठ मुलांपैकीं प्रत्येकाच्या वांट्यास शिक्षकाचीं वीस सेकंदें येतात. नव्या रचनेंत शिक्षकाजवळील अठरा मिनिटें वीस मुलांत वांटलीं जातात, म्हणजे प्रत्येकास चौपन्न सेकंदें. वेळ तोच, शिक्षक तोच. मुलाच्या पदरीं पडणारें लक्ष मात्र अडीचपटीहून अधिक. शिक्षकाचें काम यानें हलकें झालें नाहीं. व्याख्यान एकदां तयार केलें कीं वर्षानुवर्षें चालतें. साठ मुलांच्या साठ अडचणी रोज नव्या असतात.

या अडचणी किती अनपेक्षित असतात, याचा एक मासला देतों. वरील पाठाच्या वेळीं सिन्नरकडून येणाऱ्या व वर्गांत कधींच तोंड न उघडणाऱ्या एका मुलीनें चौथ्या ओळींत लिहिलें होतें: “सावली पडल्यानें पाऊस कसा थांबतो?” पर्जन्यछाया म्हणजे डोंगराची खरीखुरी सावली, असा तिचा समज झाला होता. वह्या चाळल्या तेव्हां तोच समज आणखी सात जणांचा निघाला, आणि त्यांत पहिल्या बांकावरचीं हुशार म्हणविणारीं मुलेंही होतीं. नुसतें व्याख्यान झालें असतें तर या आठही जणांनीं मान डोलाविली असती, व्याख्या पाठ करून गुणही मिळविले असते, आणि तो गैरसमज तसाच उरला असता. नव्याण्णव मेंढरें ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधास निघणारा मेंढपाळ आमच्या वाचकांस परिचित आहे. परंतु शोधास निघण्यापूर्वीं एक मेंढरूं हरवलें आहे हें कळावें लागतें. ती चौथी ओळ आम्हांस तें कळविते.

या पद्धतीस संशोधनाचा आधार कितपत आहे, हेंही पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनीं १९६८ सालीं असा विचार मांडला कीं, शाळा सर्वांस सारखा वेळ देते म्हणून सर्वांस सारखें ज्ञान मिळत नाहीं. वेळ ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें दिल्यास बहुतेक मुलें विषयावर प्रभुत्व मिळवूं शकतात. पुन्हां पुन्हां ऐकतां येणारा पाठ ही सोय करून देतो. २००६ सालीं रोडिगर व कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, उतारा पुन्हां पुन्हां वाचणाऱ्यांपेक्षां तो न पाहतां आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक ध्यानांत राहतो. वर्गाच्या आरंभींचीं दहा मिनिटें याच कारणास्तव आहेत. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आढाव्यांत केवळ प्रत्यक्ष वर्गापेक्षां मिश्र शिक्षणाचा परिणाम सरासरीनें सरस आढळला. परंतु त्यांतील बहुतेक विद्यार्थी शाळकरी वयाहून मोठे होते, आणि मिश्र शिक्षणांत अभ्यासास मिळालेला जादा वेळ व जादा साहित्य यांचाही त्यांत वांटा असावा, अशी सूचना त्या आढाव्याच्या लेखकांनींच दिली होती. म्हणून पडद्यांत कांहीं जादू आहे असें आम्ही म्हणत नाहीं. गुण आहे तो वेळेच्या नव्या वांटणींत.

दुसरा आक्षेप मोबाईलचा. हें यंत्र मुलांचें चित्त विचलित करतें, यांत संशय नाहीं. युनेस्कोच्या २०२३ सालच्या अहवालांतही हेंच बजावलें आहे कीं, यंत्रानें शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासास पूरक व्हावें, त्याची जागा घेऊं नये. म्हणून आम्हीं कांहीं मर्यादा घालून घेतल्या आहेत. चित्रफीत आठ मिनिटांहून मोठी नसते. एका दिवशीं एकाच विषयाची दिली जाते. पाहणें लिहिण्याशीं बांधलेलें असतें. वही उघडी नसेल तर चित्रफीत लावावयाची नाहीं. वर्गांत विद्यार्थ्यांचे मोबाईल येत नाहींत. तेथें शाळेचे संगणक आहेत.

परंतु आमच्या मतें याहून गंभीर असा एक तिसरा आक्षेप आहे, व तो पालक-सभेंत कोणीच काढीत नाहीं. कारण ज्यांस तो लागू आहे ते बोलण्यास संकोचतात. ज्या घरीं मोबाईल नाहीं, किंवा आहे पण मुलाच्या हातीं लागत नाहीं, त्यानें काय करावें? ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानें झालेल्या ‘असर’ पाहणींत ग्रामीण भारतांतील शाळेंत जाणाऱ्या मुलांपैकीं सुमारें ३६ टक्के मुलांच्या घरीं २०१८ सालीं स्मार्टफोन होता. २०२१ सालीं हें प्रमाण सुमारें ६८ टक्क्यांवर गेलें. तरीही ज्यांच्या घरीं तो होता, अशा मुलांपैकीं सुमारें चौथा हिस्सा मुलांस तो वापरावयास मिळत नव्हता. आमच्या भागांतही हें चित्र अनोळखी नाहीं. मुद्रणालयांत, रेल्वेंत वा एकलहरें येथील वीजकेंद्रांत पाळीवर जाणारे वडील घरांतला एकुलता मोबाईल बरोबर नेतात. पळसें, शिंदें, चेहेडीकडील घरांत तो रात्रीं परत येतो तेव्हां प्रथम भावाच्या हातीं पडतो. बहिणीची पाळी येईतों झोंपेची वेळ झालेली असते. अशा मुलांचा विचार न करतां ही पद्धति चालविली, तर जी दरी बुजविण्यासाठीं ती आणली तीच दरी तिच्यामुळें रुंद होईल. मग ती न आणलेली बरी.

यास्तव आमच्या शाळेंत असा नियम आहे कीं, ज्या पाठाचा छापील कागद तयार नाहीं तो पाठ घरीं पाठवावयाचा नाहीं. चित्रफितींत जें आहे तें सर्व त्या एका कागदावर चित्रांसह असतें, व तो मागेल त्यास कारण न विचारतां मिळतो. शाळा भरण्यापूर्वीं अर्धा तास व सुटल्यावर अर्धा तास संगणकाची खोली उघडी असते. चित्रफीत पाहिल्याबद्दल गुण नाहींत, न पाहिल्याबद्दल शिक्षा नाहीं. न पाहून आलेलें मूल वर्गांत प्रथम संगणकाच्या गटांत बसतें व तेथें पाठ ऐकून घेतें.

पालकांकडे आमचें मागणें थोडकें आहे. दिवसांतून पंधरा मिनिटें, शक्य तर ठरलेल्या वेळीं, मोबाईल अभ्यासासाठीं द्यावा आणि ती वेळ संपतांच परत घ्यावा. घरांत मुलगा व मुलगी दोघेंही शिकत असतील, तर दोघांच्या पाळ्या कागदावर लिहून भिंतीस लावाव्या. लिहिलेल्या पाळीस घरांतले सर्वजण मान देतात. मुलास “पाठ पाहिलास काय?” असें विचारण्याऐवजीं “आज चौथ्या ओळींत काय लिहिलेंस?” असें विचारावें. उत्तर आपणांस ठाऊक नसलें तरी चालेल; तें शोधणें हें दुसऱ्या दिवशींच्या वर्गाचें काम आहे. आणि ज्यांच्या घरीं सोय नाहीं त्यांनीं वर्गशिक्षकांस एक शब्द सांगावा. ती गोष्ट चौघांत जाणार नाहीं, हें आमचें वचन आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस शेवटचें सांगणें हें कीं, या पद्धतीनें तुमचें ओझें कांहींसें वाढलें आहे. नुसतें ऐकून घेणें सोपें असतें. आपणांस काय कळलें नाहीं हें ओळखून तें शाईनें लिहिणें कठीण असतें. पुष्कळ जण ती ओळ कोरी ठेवतात, कारण अज्ञान दिसलें तर लोक हसतील अशी त्यांस भीति वाटते. परंतु वर्ग भरतो तो त्याच ओळीसाठीं. तुम्ही ती प्रामाणिकपणें लिहिली, तर पडदा असो, फळा असो वा मातीचा सह्याद्रि असो, तुमचे शिक्षक तुमच्यापर्यंत पोंचण्याची वाट काढतील. येत्या जूनपासून १० वीच्या वर्गांतही हा क्रम सुरू करावयाचा आहे. त्या वर्गाच्या पालकांनीं आपल्या शंका सुटीपूर्वींच लेखी कळवाव्या. त्यांचा विचार करूनच पाठांची यादी ठरविण्यांत येईल.